कंपवात झाला म्हणून बाज धरू नका



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त याविषयी लिहितो. या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून ऊस लावणाऱ्या माणसाविषयी लिहीत आहोत. त्याला कारणही तसेच आहे. कुंभार पिंपळगाव गटात ऊस नोंदीसाठी फिरताना आमची गाठ जुन्या सभासदांशी पडते. जायकवाडीचे पाणी आपल्या भागात आल्यावर ज्यांनी पहिल्यांदा ऊस केला, ती ही पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्यांच्यात एखाद्याचा हात बसल्या जागी कापताना दिसतो. एखादा पाय घासत चालतो. घरी विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "वय झालं आता. बसा म्हणलं निवांत, काय कमी हाये तुम्हाला?"

हे बोलणे मायेचे आहे, पण कंपवाताच्या माणसाला ही माया महागात पडते. या रोगात जो बसला, तो लवकर आखडतो. जो हलत राहिला, तो पुष्कळ दिवस आपल्या पायावर राहतो. हे नीट समजावे म्हणून हा लेख.

हा रोग काय आहे

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली सहा रुग्णांचे निरीक्षण करून या रोगावर एक निबंध लिहिला. पुढे त्यांचेच नाव रोगाला पडले. त्यांचा जन्म 11 एप्रिल 1755 चा, म्हणून 11 एप्रिल हा दिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात हा शब्द आहेच. खेड्यात बहुतेक जण "हात कापायचा रोग" एवढेच म्हणतात.

मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक लहान भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग आणि आवाका ठेवणे ही कामे या द्रव्याच्या जोरावर चालतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. कालव्याचे उदाहरण घ्या. वरून पाणी कमी सुटले की मुखाजवळच्या शेताला लगेच काही जाणवत नाही, टेलचा शेतकरी मात्र बोंब मारतो. तोवर निम्मे पाणी कमी झालेले असते. इथेही तसेच होते. हात कापू लागतो तोवर या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास कामातून गेलेल्या असतात.

हा रोग संसर्गाने होत नाही, कुणाच्या करणीने होत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापानेही होत नाही. साठीनंतर जास्त दिसतो, पण चाळिशी-पन्नाशीतही होऊ शकतो. बायकांनाही होतो. घरातल्या म्हातारीचा हात कापत असला तर तिकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून भगिनींचा उल्लेख मुद्दाम करतो.

ओळखावा कसा

नुसते हात कापणे म्हणजे कंपवात असे नाही. कंपवाताचा हात बहुधा स्वस्थ मांडीवर ठेवलेला असताना कापतो आणि कामाला लावला की थोडा थांबतो. सुरुवात एकाच बाजूने होते. काहींना कंप अजिबात नसतो, फक्त हालचाल मंदावते आणि अंग ताठरते. चालताना एक हात हलत नाही. पावले आखूड पडतात. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, त्यामुळे माणूस रागावला आहे असे लोकांना वाटते. आवाज बारीक होतो. वास येईनासा होणे, जुनाट बद्धकोष्ठ आणि झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे या तक्रारी तर कधी कधी कंप येण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होतात.

अक्षर बारीक होत जाणे ही आणखी एक खूण. आमच्या पाहण्यातले एक सभासद आहेत, नाव सांगत नाही. ऊस बिल काढायला ते बँकेत गेले तर सही जुळेना. पहिले अक्षर ठीक, पुढची मुंग्यांसारखी. दोन वेळा पावती परत आली. पोरांना वाटले, म्हातारा मुद्दाम घाईत सही करतो. पुढे दाखवल्यावर कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि घरच्यांनी त्यांना बाजेवर बसवले. भाकरी हातात, पाणी हातात, अंघोळीला दोघांचा आधार. आठ महिन्यांत गडी असा झाला की बाजेवरून स्वतः उठता येईना. सगळ्यांनी गृहीत धरले की रोगच वाढला. रोग थोडा वाढला असेल, पण बाकीचे नुकसान बसून राहण्याने केले होते. मांड्यांचे मांस गेले, गुडघे आखडले, पाठ वाकली.

पुढे त्यांच्या सुनेने पुढाकार घेतला आणि त्यांना छत्रपती संभाजीनगरला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेले. तिथे शिकवलेला व्यायाम ती सकाळी समोर उभी राहून करून घेऊ लागली. आज ते मारुतीच्या देवळापर्यंत काठी घेऊन जाऊन येतात. हात अजूनही कापतो. पण बाजेवरून उठताना कुणाला हाक मारत नाहीत. ज्याचा दिवस दुसऱ्याला हाका मारण्यात जात होता, त्याला या फरकाचे मोल विचारा.

व्यायामाने खरेच फरक पडतो का

शेतकऱ्याला आम्ही नवी जात सांगितली की तो आधी प्लॉट कुठे आहे ते विचारतो. तेव्हा प्लॉटच सांगतो.

अमेरिकेत 128 रुग्णांवर झालेली एक पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. हे सगळे सुरुवातीच्या अवस्थेतले, अजून गोळ्या न लागलेले. काहींना चालत्या पट्ट्यावर आठवड्यातून तीन-चार वेळा दम लागेल इतक्या जोरात चालायला लावले, काहींना बेताने, आणि काहींना पूर्वीसारखेच राहू दिले. सहा महिन्यांनी पाहिले तर नेहमीसारखे राहिलेल्यांचा हालचालीचा त्रास सुमारे 3 गुणांनी वाढला होता. जोरात चालणाऱ्यांचा जवळपास जागेवरच होता.

हॉलंडमध्ये 130 रुग्णांना सहा महिने घरच्या घरी व्यायाम दिला. निम्म्यांना जागेवरची सायकल, निम्म्यांना नुसते अंग ताणण्याचे प्रकार. 2019 साली निकाल आला. सायकलवाल्यांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 4 गुणांनी चांगली राहिली. अमेरिकेतच ऑरेगन राज्यात 195 रुग्णांना चोवीस आठवडे चिनी पद्धतीचा संथ व्यायाम, ताई ची, शिकवला. त्यांचा तोल सुधारला आणि नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. हा निकाल 2012 चा.

व्यायामाने हा रोग बरा होतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. व्यायाम गोळीची जागाही घेत नाही. पण गोळीला जे जमत नाही, म्हणजे तोल, ताकद, दम आणि स्वतःवरचा भरवसा, ते व्यायामाने टिकते. पाणी कमी आहे म्हणून आपण पीक सोडून देत नाही. पाचट आच्छादतो, सरी आड पाणी देतो आणि आहे त्या पाण्यात ऊस जगवतो. तसेच हे.

सायकल, पायऱ्या आणि टाळ

या रोगाच्या काही तऱ्हा चमत्कारिक आहेत. हॉलंडच्या डॉक्टरांनी 2010 साली एका 58 वर्षांच्या रुग्णाची हकीकत छापली. त्याला चार पावले धड टाकता येत नव्हती, पाय जमिनीला चिकटत. मात्र सायकलवर बसवले की तो सफाईने सायकल चालवी, वळणही घेई. उतरला की पुन्हा अडकला.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. मिलेहा सोनेजी या पुण्याच्या डिझायनर मुलीने पाहिले, की कंपवात झालेल्या तिच्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाला सपाट फरशीवर चालता येत नाही, पण ते जिना मात्र सहज चढतात. तिने सपाट फरशीवर पायऱ्यांचे चित्र पसरले. पायऱ्या आहेत असा भास होताच त्यांची पावले मोकळी पडू लागली. 2015 साली तिने हॉलंडमधील डेल्फ्ट येथे भाषणात हे सांगितले आणि ते जगभर पाहिले गेले.

याचे कारण असे सांगतात. आपसूक होणाऱ्या हालचालीची वाट या रोगात बिघडते. पण डोळ्यापुढे रेघ असेल किंवा कानावर ठेका असेल, तर मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. पाटाचा एक दरवाजा गाळाने बंद पडला तर बाजूच्या चारीने पाणी काढतो, तसे.

ठेक्याचे तर आपल्याला शिकवायलाच नको. टाळमृदंगावर पावली खेळणे म्हणजे पाऊल, तोल आणि ताल यांचा एकत्र व्यायाम. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालवले. तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने रुग्ण आणि घरचे यांना एकत्र आणण्याचे काम केले आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असे नाचाचे वर्ग 2001 पासून सुरू झाले. तिकडे जे वर्ग भरवून करतात, त्यातला बराच भाग आपल्याकडे एकादशीच्या भजनात आहे. म्हाताऱ्याला भजनात मागे बसवू नका. धड उभे राहता येत असेल तर टाळ देऊन, शेजारी एक धडधाकट माणूस देऊन, उभे करा.

आठवड्याचे वेळापत्रक

आधी डॉक्टरांना विचारून हृदय, रक्तदाब आणि गुडघे तपासून घ्यावेत. मग पुढीलप्रमाणे करावे.

1. दमाचा व्यायाम. आठवड्यातून किमान तीन दिवस, रोज 30 मिनिटे. भरभर चालणे किंवा जागेवरची सायकल. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागावा. घरातली जुनी सायकल मजबूत दुहेरी स्टँडवर चढवून, स्टँड दोन्ही बाजूंनी दगडाने पक्के करून, एकाने हँडल धरले तर जागेवरची सायकल तयार होते. पैसा लागत नाही. मागच्या चाकात धोतर किंवा पदर जाणार नाही एवढे पाहा.

2. ताकदीचा व्यायाम. आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर काढणे. लिटरभर पाण्याची बाटली हातात घेऊन वर-खाली करणे.

3. तोलाचा व्यायाम. दोन-तीन दिवस ठरवून करावा आणि रोजच्या कामातही चालू ठेवावा. ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, बाजूला पावले टाकणे, मोठे पाऊल टाकून मागे येणे. एक माणूस हाताच्या अंतरावर हवाच.

4. अंग मोकळे करणे. हे रोज करावे. भिंतीला पाठ टेकून सरळ उभे राहणे, दोन्ही हात वर नेणे, मान आणि कंबर हळूहळू दोन्हीकडे फिरवणे.

5. हात आणि आवाज. दुरेघी वहीत मोठ्या अक्षरात रोज एक पान लिहावे, सहीही मोठी करावी. कणीक मळणे, शेंगा फोडणे, डाळ निवडणे ही कामे काढून घेऊ नयेत. वर्तमानपत्र किंवा हरिपाठ ओसरीवरून अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचावा.

सगळ्या व्यायामाचे एकच सूत्र आहे. हालचाल मोठी करा. या रोगात मेंदू माणसाला फसवतो. पाऊल वीतभर पडते आणि त्याला वाटते हातभर पडले. म्हणून मुद्दाम लांब पाऊल, मुद्दाम मोठा हात, मुद्दाम मोठा आवाज.

वेळही साधावी. गोळीचा अंमल चांगला असतो तेव्हा व्यायाम करावा. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरकावा, पाणी पिऊन करावा.

सूर्यनमस्काराविषयी पुष्कळ जण विचारतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा मोठा प्रसार केला आणि व्यायाम उत्तमच आहे. पण या रोगात उठताना रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. नुकताच रोग कळलेल्या धडधाकट माणसाने विचारून, सावकाश घालावेत. तोल गेलेल्याने भिंतीला किंवा खुर्चीला धरून तेवढे हात वर, तेवढे वाकणे, इतकेच करावे.

लोळलेला ऊस आणि पडलेला माणूस

मोठी बांधणी आपण कशासाठी करतो? वाऱ्यापावसात ऊस लोळू नये म्हणून. लोळलेला ऊस वजनाला आणि उताऱ्याला मार खातो. कंपवाताच्या माणसाचे पडणे त्याहून वाईट. एकदा खुबा मोडला की म्हातारा पुन्हा उभा राहीलच याची खात्री नसते. म्हणून बांधणी आधी करा.

उंबऱ्यावर रात्री दिवा ठेवा. मोरीत ओल राहू देऊ नका, अंघोळ स्टुलावर बसून करू द्या. भिंतीला धरायला पाइप बसवा, संडासाला खुर्चीची बैठक करा. घसरणाऱ्या चपला टाकून द्या. दारात पाय अडकत असतील तर उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे दीड दीड फुटावर चुन्याच्या आडव्या रेघा मारा आणि रेघ ओलांडायला सांगा. अडकलेल्या माणसाला हाताने ओढू नका, त्याने तो हमखास पडतो. थांबा, सरळ उभे राहू द्या, "एक, दोन, एक, दोन" मोजा, मग पाऊल टाकू द्या. वळताना टाचेवर गर्रकन वळू नये, चार पावलांत मोठा वळसा घ्यावा.

शेतात जाऊ द्या. पण अरुंद बांध, विहिरीचा काठ, कडबाकुट्टी आणि चालता ट्रॅक्टर यांपासून लांब. मोटारसायकल चालवावी की नाही हे डॉक्टर सांगतील.

गोळी आणि खाजकुयली

या रोगावर मुख्य गोळी लेव्होडोपा. 1960 च्या दशकात ती वापरात आली. डोपामिनविषयीच्या शोधासाठी अर्विद कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. गोळी ठरल्या वेळी, शक्यतो जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, कारण डाळी-दुधातली प्रथिने काही जणांत तिचा अंमल कमी करतात. एकदम बंद कधीही करू नये.

खाजकुयलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते, हे 1937 साली भारतातल्याच संशोधकांनी दाखवले. म्हणून बांधावरच्या बिया कुटून खाऊ नका. प्रत्येक बियाण्यात प्रमाण वेगळे असते, आणि गोळी चालू असताना वरून हे घेतले तर मात्रा जास्त होते. घ्यायचेच असेल तर डॉक्टर आणि वैद्य दोघांना सांगून घ्यावे.

फवारणी करणाऱ्यांसाठी

आता आमच्या खात्याचे दोन शब्द. अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत कंपवाताचे प्रमाण न वापरलेल्यांच्या सुमारे अडीच पट आढळले. त्यावरून प्रत्येकाचा रोग औषधानेच झाला असे सिद्ध होत नाही. पण सावध व्हायला एवढे पुरे आहे. युरोपीय संघात पॅराक्वाट 2007 पासून बंद आहे. तण काढायला खुरपणी, आंतरमशागत आणि पाचट आच्छादन यावर आमचा भर आहे तो उगाच नाही. औषध मारावेच लागले तर हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण कपडे वापरा. हाताने द्रावण ढवळू नका, वाऱ्याविरुद्ध फवारू नका, कपडे वेगळे धुवा.

गावाने काय करावे

एकट्याने व्यायाम चार दिवस होतो. पाचव्या दिवशी कंटाळा येतो. या रोगात मनही खचते, कधी कधी उदासी हे रोगाचेच लक्षण असते. म्हणून सोबत लागते. आपल्या जवळच जांब समर्थ, रामदास स्वामींचे जन्मस्थान. त्यांनी जागोजागी मारुती स्थापून बलोपासना शिकवली, ती तरुणांपुरतीच आहे असे आम्हाला वाटत नाही. कुंभार पिंपळगावात आणि आसपासच्या प्रत्येक गावात मारुतीचा पार आहे. तिथे सकाळी अर्धा तास चार-पाच म्हातारे, प्रत्येकासोबत घरचा एक माणूस, एक टाळ आणि चुन्याच्या रेघा, एवढ्यावर वर्ग सुरू होतो. कंपवात नसलेल्या म्हाताऱ्यांनीही यावे. त्यांचाही फायदाच आहे.

ज्यांच्या घरी हात कापणारे, पाय अडकणारे माणूस आहे त्यांनी आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून निदान करून घ्यावे. एकदा तरी फिजिओथेरपीवाल्यांकडून व्यायाम समजून घ्यावा. पारावरचा वर्ग सुरू करायचा असेल तर आमच्या गट कार्यालयात येऊन सांगावे. वेळ ठरवायला, लोक जमवायला आमचे कर्मचारी मदत करतील.

आणि घरच्यांना एक विनंती. म्हाताऱ्याला वाटी हातात देण्याआधी थोडे थांबा. त्याला उठू द्या, वेळ लागला तरी चालेल. पुढच्या हंगामात पहिली मोळी टाकायच्या दिवशी ही मंडळी आपल्या पायांनी गव्हाणीपाशी आलेली आम्हाला पाहायची आहेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी